सर, आणखी एक विभाग निघाला

सर, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्यावर चिडायला काही हरकत नसावी. होतात तेव्हा कुणाची टाप होती? वर्गात तुम्ही नुसता चष्मा काढून टेबलावर ठेवलात तरी मागच्या बाकापर्यंत शांतता. पण परवा आपल्या मानसशास्त्र संघाच्या वार्षिक सभेहून शहाद्याला परतताना एसटीत बसल्या बसल्या मी हिशेब लावत होते की या सगळ्या घोळाबद्दल नेमक्या कुणाला शिव्या घालाव्यात, आणि फिरून फिरून तुमच्यावरच येत होते. संघ तुम्ही काढलात. पहिला विभागही तुम्हीच काढलात. मग आता ऐकून घ्या.

आपण सुरुवातीला कसे बसायचो, आठवतं ना? कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाकं भिंतीकडे सरकवून सतरंजी अंथरलेली. दवाखान्यात मनोरुग्ण बघणारे एक गृहस्थ, शाळाशाळांतून मुलांच्या बुद्धिचाचण्या घेत हिंडणाऱ्या एक बाई, साखर कारखान्यात कामगारांची भरती बघणारे एक साहेब, दोनचार प्राध्यापक, आणि कप विसळायला आम्ही विद्यार्थी. ज्याची केस अडली असेल त्यानं ती सांगायची. आणि तुमचा तो विचित्र नियम, की ज्याचा विषय त्या केसपासून सगळ्यात लांबचा, त्यानं आधी बोलायचं. जवळच्यांनी तोपर्यंत तोंडाला कुलूप लावायचं. अजून दिसतं मला. शाळेच्या बाई एका मुलीबद्दल सांगतायत. वर्गात बोलत नाही, विचारलं तर नुसते ओठ हलवते, आवाज म्हणून फुटत नाही. दवाखान्याचे गृहस्थ केव्हाचे चुळबुळतायत, पण तुम्ही बोट दाखवता ते कारखान्याच्या साहेबांकडे. ते बिचारे अवघडतात. "मला लहान मुलांतलं काही कळत नाही बुवा," म्हणतात. मग विचारतात, बाप काय करतो? बाप कारखान्यातच, गळिताच्या हंगामात रात्रपाळीला. म्हणजे दिवसा घरी झोपणार, एवढ्याशा खोलीत, आणि पोरांनी हूं की चूं केलं की पाठीत धपाटा. झालं! सगळे एकदम बोलायला लागतात. बोलायचं कसं ते ती पोर घरीच विसरत चालली होती, आणि आम्ही दोष शोधत होतो तो तिच्या घशात. पुढचे उपाय दवाखान्याच्या गृहस्थांनी आणि बाईंनी मिळून ठरवले. हे काम करायचं तर असंच करायचं, हे माझ्या मनानं त्या दिवशी घेतलं.

आणि मग तुम्हीच ते मोडलंत. तुमच्या घरी सगळे जेवायला आले होते. आत काकू कळण्याच्या भाकरी थापत होत्या आणि मी त्यांच्याजवळ बसून भाजलेली वांगी सोलत होते. तुम्ही पाण्याचा तांब्या न्यायला आत आलात आणि सहज सांगावं तसं सांगितलंत की दवाखानावाल्यांना वेगळी बैठक हवी आहे, त्यांचं काम इतरांपुढे उलगडायला त्यांना आवडत नाही, तेव्हा चिकित्सा विभाग वेगळा करतोय. मी म्हटलं, सर, एकाला दिलं की दुसरा मागेल. वर्गात कसे शुद्ध बोलायचात तुम्ही, पण डोकं फिरलं की थेट घरच्या बोलीवर. "तुले लई समजस का? मानसं निंघी जातीन, मंग संघ काय खुर्च्यास्ना करू?" मला रडूच आलं. मग जरा निवळलात आणि म्हणालात, "अगं, बसायच्या खोल्या वेगळ्या, संघ एकच." काकूंनी मला डोळ्यांनीच खुणावलं, गप्प राहा. राहिले.

संघ एकच म्हणे! पुढच्याच सभेत शाळेच्या बाईंनी शिक्षण विभाग मागितला. कारखान्याच्या साहेबांनी तर काही मागितलंही नव्हतं, पण सगळ्यांना आहे तर यांनाही असावा म्हणून औद्योगिक विभाग झाला. समुपदेशनवाल्यांचं आणि चिकित्सावाल्यांचं वाजलं, तोंडं फिरवून बसायला लागले, म्हणून समुपदेशन विभाग, मी त्यातलीच. तुम्ही होतात तोवर एवढ्यावर भागलं. तुमच्या माघारी चिकित्सेच्या पोटातून मेंदूवाल्यांचा विभाग निघाला, मग बालकांचा, मग खेळाडूंचा, न्यायालयीन कामाचा, आणि आता ऑनलाइन सेवांचाही आहे. प्रत्येकाला अध्यक्ष, सचिव, व्हॉट्सॲप ग्रुप आणि सभेत गळ्यात घालायची वेगळ्या रंगाची फीत. जेवणाची टेबलंसुद्धा फितीच्या रंगानं लावतात, खोटं नाही सांगत. निळी फीत हिरव्यांत जाऊन बसली तर लोक विचारतात, काय मॅडम, आज इकडे कुठे? आता सगळंच वाईट झालं असंही नाही. चार दिवसांचा कोर्स करून संमोहनाची दुकानं थाटणारे होते, त्यांना या विभागांनीच वेसण घातली. मेंदूवाल्यांच्या चाचण्या इतक्या नेमक्या झाल्यात की तुम्ही बघून हरखला असतात. पण त्या भोंदूंच्या धास्तीनंच एक नियमही आला, की आपल्या विभागाबाहेरच्या गोष्टीवर कुणी लेखी मत द्यायचं नाही. आणि तिथेच घोडं अडलं.

माझ्याकडे एक जोडपं येतं. तापीकाठच्या गावातलं. नवरा जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर बसायचा, वजनाला एकदम चोख माणूस. विसरवाडीच्या फाट्याजवळ मोटारसायकल घसरली आणि डोक्याला मार बसला. जखम भरली, पण माणूस पालटला. आकडे घोळतात, भाजीत मीठ जास्त झालं तर ताट भिरकावतो, बायकोवर हात उचलतो, आणि थोड्या वेळानं स्वतःच रडत बसतो. मालक भला आहे. म्हणाला, काटा जमत नसेल तर दुसरं काम देतो, पण याला काय झेपेल ते जाणकारांकडून लिहून आणा, हंगाम लागेपर्यंत जागा धरून ठेवतो. बायकोचा सगळा जीव त्या कागदात अडकलाय. तो कामाला लागला तर घर निभेल, नाहीतर तिचा भाऊ तिला आणि पोरांना माहेरी न्यायला टपूनच बसलाय. "माणूस मारतो, तू कशाला राहतेस," हे त्याचं म्हणणं, आणि ते तरी कसं खोटं म्हणू?

मी त्यांना नाशिकला मेंदूवाल्यांकडे पाठवलं. त्यांनी दिवसभर बसवून चाचण्या घेतल्या, स्मरण कसं, लक्ष कसं, सगळं व्यवस्थित लिहिलं आणि खाली शेरा मारला, संतापाबाबत चिकित्सा विभागाला दाखवावे. चिकित्सावाल्यांनी लिहिलं, मानसिक आजार नाही, समुपदेशन घ्यावे. म्हणजे आली गाडी परत माझ्याच दारात. त्याच्या रागावर मी काम करतेय, फरकही पडतोय, पण कोणतं काम झेपेल हे लिहून द्यायचा अधिकार औद्योगिकवाल्यांचा. त्यांना विचारलं तर म्हणाले, डोक्याला मार आहे ना, मग आधी मेंदूवाल्यांनी लिहून द्यावं की हा कामाला लायक आहे. मेंदूवाले म्हणाले, कामाचं आमच्यात येत नाही. कपाळ माझं! मीच नियम मोडून लिहून दिलं असतं, पण उद्या कुणी हरकत घेतली तर तो कागद रद्दीत जाणार आणि त्याची जागाही जाणार. यात एकही माणूस खोटं बोलत नाही, आळशी नाही, हीच तर पंचाईत आहे. शहाद्याच्या स्टँडवर ती मला भेटली, नवरा शेजारी मान खाली घालून उभा. म्हणाली, "मॅडम, डोकं एकच शे ना यास्नं? मंग इतला साहेब काबरं लागतस?" एका डोक्याला इतके साहेब कशाला, हेच तर मीही विचारत होते.

म्हणून यंदा ही केस सभेत मांडायची ठरवली, तुमच्या पद्धतीनं, सगळ्यांसमोर. आयोजक म्हणाले, कोणत्या विभागात घालू? म्हटलं, कोणत्याच नाही. म्हणाले, तसं आम्हाला करता येत नाही. मग काय, खुल्या सभेत उभी राहिले. आवाज चढला माझा. म्हटलं, माझ्यासकट ज्या चौघांकडे हा माणूस फिरला ते चारही जण याच मांडवात बसलेत. जेवण झाल्यावर एक तास एका सतरंजीवर बसा आणि चौघांनी मिळून एक कागद लिहा, एवढंच मागतेय. तर टाळ्या पडल्या, सर! अध्यक्ष म्हणाले, मॅडमनी अत्यंत मोलाचा मुद्दा मांडला. कुणी म्हणालं, याला कायमची व्यवस्था पाहिजे. कुणी अनुमोदन दिलं. आणि चहा यायच्या आत ठराव पास झाला, समन्वय विभाग, स्वतंत्र. त्याची नियमावली होईपर्यंत अशा केसेसवर कुणी मत देऊ नये, हेही त्यातच. अध्यक्ष म्हणून माझं नाव. अहो, मला विभाग नकोय, तास हवाय, असं मी ओरडून सांगतेय आणि लोक हसून हात मिळवतायत. एका बाईंनी तर जांभळी फीत आणून माझ्या गळ्यात घातली. बाकीचे तिघं गाड्या धरायला केव्हाच निघून गेले होते.

काल तिचा फोन आला. कापूस यायला लागलाय, मालकानं विचारलंय. "मीटिंगमा काय ठरनं, मॅडम?" मी म्हटलं, अशाच लोकांसाठी नवा विभाग निघालाय. ती अगदी साधेपणानं म्हणाली, "मंग आते आमले तठे बी जानं पडी का?"

हे पत्र काही तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. सर, मी तिला हो म्हटलं.