सकाळी सातचे ठोके

बॅरेट्स कॉर्नर,
रविवार

प्रिय लिऑना,

तुझं पत्र मिळालं. शनिवारी छोट्या नील्सला घेऊन येतेस, डोंगरावरचं घर उघडून बाबांची बर्फ मोजायची फळी घेऊन जाणार, असं लिहिलंयस. फळी जरूर ने, तुझाच हक्क आहे तिच्यावर. अ‍ॅपल पाय भाजायचा, असंही मी मनाशी ठरवून टाकलं होतं. पण आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच, मधेच उठून फोन करू नकोस. हे फोनवर सांगायला माझी जीभ रेटत नाही, आणि खरं सांगू का, त्या फोनपाशी उभं राहून हे बोलावं असं मला वाटतच नाही.

इथलं सगळं नेहमीसारखं. नोव्हेंबरपासून सरोवरावरून बर्फाच्या ढगांचे पट्टे येतायत. एका रस्त्यावर कमरेएवढा बर्फ आणि पलीकडच्या रस्त्यावर लख्ख ऊन, हे तू लहानपणापासून पाहिलंयस. म्हणून तर गावाला रेडिओपेक्षा माझ्यासारख्या निवृत्त बसवालीचा अंदाज लागतो. मी अजून रोज सकाळी आन्सरिंग मशीनवर अंदाज बोलून ठेवते. शाळावाले, दूधवाले, बर्फ ढकलणाऱ्या गाड्यांचे ड्रायव्हर, सगळे नंबर फिरवून ऐकतात. हार्डवेअरच्या दुकानातला डेल्बर्ट तसाच वात्रट आहे. परवा सगळ्यांसमोर म्हणाला, "काय व्हर्नाबाई, यंदा एकही अंदाज चुकला नाही! चेटूकबिटूक शिकलात की काय?" मी म्हटलं, "शिकले असते तर आधी तुझं तोंड बंद केलं असतं." सगळे हसले, मीही हसले. पण यंदाचे अंदाज माझे नाहीतच.

तुझे बाबा बोलायला किती कंजूष होते ते तुला मी काय सांगणार! सकाळी सातच्या ठोक्याला ते घरामागच्या फळीवर पट्टी उभी धरून रात्रीचा बर्फ मोजायचे आणि मला फोन करायचे. बोलायचं काहीच नाही. रिसिव्हरवर पट्टी आपटायची, एका इंचाला एक ठोका, की फोन बंद. एकदा मी वैतागून म्हटलं, "अरे हॉलिस, सख्खी बहीण आहे मी तुझी, 'कशी आहेस' म्हणायला काय जातं तुझं?" दुसऱ्या दिवशी चार ठोके आले, मग आवाज आला, "कशी आहेस?" आणि मी उत्तर द्यायच्या आत फोन बंद! मोजून झालं की फळी पुसून कोरडी करायची आणि पुन्हा खुणेच्या लाल बावट्याशेजारी ठेवायची, हा त्यांचा नेम. कालचा बर्फ आजच्यात मिसळला तर माप खोटं होतं, म्हणायचे.

यंदा नोव्हेंबरात पहिला बर्फ पडायच्या आदल्या दिवशी, सकाळी सातला फोन वाजला. मी कॉफी गाळत होते, म्हणून मशीननेच घेतला. टेपवर तीन ठोके होते, बाकी काही नाही. पोरांचा चावटपणा असेल, असं मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी तीन इंच पडला. मग एकदा पाच ठोके आले, आणि पाच इंच पडला दोन दिवसांनी. पुढच्या वेळी तीन दिवसांनी. फोन दर वेळी आणखी एक दिवस आधी येतोय. मागचा आला तो बरोबर पाच दिवस आधी. डोंगरावरच्या घरची फोनची लाइन बाबा गेल्यावर आपण वसंतातच काढून टाकली, तूच सही केलीस. तरी मी कंपनीत जाऊन विचारून आले. तिथली मुलगी माझ्याकडे अशी बघत होती की मीच काहीबाही पुटपुटून बाहेर पडले. आणि मी काय केलं माहितेय? ते आकडे गावाला माझे म्हणून सांगितले. कौतुकाची चटक वाईट, लिऑना.

डिसेंबरात एकदा भर दुपारी, चांगलं ऊन बघून, मी बर्फावर चालायची रुंद पादत्राणं बांधून वर गेले. सगळीकडे दहा इंच ताजा बर्फ, त्यावर माणसाचं सोड, हरणाचंही पाऊल नाही. घरामागे लाल बावटा तेवढा वर दिसत होता. त्याच्याशेजारी फळी. कोरडी, लिऑना. पुसून ठेवलेली. चारी बाजूंनी बर्फ कापल्यासारखा उभा आणि मधे तिचा पांढरा रंग उन्हात चमकतोय. मी "हॉलिस" अशी हाक मारली, मग स्वतःचीच लाज वाटली. परत फिरले ती खाली गाडीत बसेपर्यंत मागे वळून पाहिलं नाही. मला भीती वाटली होतीच, पण त्याहून जास्त एक गोष्ट खुपत होती, आणि ती आता तुला सांगायलाच हवी.

बाबांना शेवटचा निरोप दिला त्या दिवशी चर्चच्या पायऱ्यांवर तू मला विचारलंस, "आत्या, बाबांनी निघण्याआधी तुला विचारलं नव्हतं का? ते तर तुला विचारल्याशिवाय अंगणातही उतरत नसत." मी नाही म्हटलं. ते खोटं होतं. गेल्या हिवाळ्यात ते निघाले त्या दुपारी दोन वाजता ते माझ्या स्वयंपाकघरात उभे होते, पिठाची नि बटाट्यांची पोती ट्रकमध्ये भरलेली. म्हणाले, "व्हर्ना, जाऊ का?" सकाळी मी सांगून बसले होते की पट्टा उत्तरेलाच राहील. पण अर्ध्या तासापूर्वी लाकडाच्या गिरणीचा धूर मी पाहिला होता. सकाळी ईशान्येकडे झुकणारा धूर सरळ पूर्वेला वळला होता. वारा असा फिरला की पट्टा दक्षिणेला सरकतो आणि थेट आपल्या डोंगरावर येतो, हे या गावात मला नाही कळणार तर कोणाला? मला कळलं होतं. पण त्याच्या आदल्या आठवड्यात मी एका दिवसात दोनदा अंदाज बदलला, तेव्हा डेल्बर्टने दुकानाच्या काचेवर पाटी लावली होती, 'आजचा अंदाज: व्हर्नाला विचारा. तासाभराने पुन्हा विचारा.' ती पाटी माझ्या मनातून जात नव्हती. पट्टा यायला तासभर तरी लागेल, तोवर हा घरी पोचेल, असं मी स्वतःला समजावलं आणि म्हटलं, "जा खुशाल." ते हसले, टोपी घातली आणि गेले. तिसऱ्या दिवशी बर्फाखाली सापडले ते स्वतःच्या दारापासून चाळीस पावलांवर, पट्टी हातात धरलेली. दोष डेल्बर्टचा नाही. तो थट्टाच करत होता. तोरा माझा होता.

आज सकाळी सातला पुन्हा फोन वाजला. मी शेजारीच उभी होते, पण उचलायचं धाडस झालं नाही. मशीनमधून ठोके यायला लागले. सदतीसपर्यंत मी मोजले, मग माझा हिशेब चुकला. टेप संपली तेव्हाही ठोके चालूच होते. मागचा फोन पाच दिवस आधी आला होता, म्हणजे हा सहा दिवस आधीचा, म्हणजे शनिवार. रेडिओवाले आठवडाभर कोरडी हवा आणि ऊन सांगतायत, आणि आत्ता खिडकीबाहेर खरंच ढगाचा ठिपका नाही. नुसतं 'येऊ नकोस' म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस, 'कशावरून, आत्या?' आणि मी पुन्हा काहीतरी खोटं सांगितलं असतं. म्हणून हे सगळं लिहिलं. माझ्या शब्दावर विसंबून एक माणूस त्या रस्त्याला लागला, आता तू आणि ते पोर लागू नका. मला जे म्हणायचं ते म्हण, फळी दुसऱ्या कुणाकडून मागव, हवं तर जन्मात माझी पायरी चढू नकोस. पण शनिवारी येऊ नकोस.

अजूनही म्हणू देशील तर, तुझीच
व्हर्ना आत्या