तीन नावांचं कार्ड

नाशिक, गंगापूर रोड
२४ नोव्हेंबर २००३

प्रिय मंजुषा,

अक्षर ओळखलं असशील. सात वर्षांनी लिहितो आहे, तेव्हा खुशाली विचारून सुरुवात करायला हवी. पण तुझी खुशाली हाच प्रश्न आहे, म्हणून तो सरळ विचारत नाही. आधी काय घडलं ते सांगतो.

शेखरभाऊ गेले. केबलच्या चॅनलवर दर गुरुवारी संध्याकाळी ‘नाव तुमचं, गाणं तुमचं’ करायचे, लोकांच्या कार्डांवरची नावं वाचून गाणं लावायचे ते. मंगळवारी दुपारी गेले. दमा होताच. त्यांचा शेवटचा गुरुवार तेरा तारखेचा. त्या दिवशी त्यांनी त्र्यंबकेश्वरहून आलेलं तुमच्या घरचं कार्ड वाचलं. काळू, वेदिका, ओम. एवढंच. दर वेळी चार नावं असतात आणि पहिलं तुझं असतं. तुझी आई मेथी निवडत होती. तिचे हात थांबले. मी टीव्हीकडे बघत राहिलो. गाणं लागलं, संपलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दर गुरुवारी दोघं कशासाठी बसतो, हे कबूल करावं लागलं असतं.

माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये पंधरा हंगाम मी द्राक्षं तपासली. वरून चांगला दिसणारा घड देठाला धरून उचलायचा, उलटा करायचा, आत बघायचं. एखादा मणी नासका असला तर कात्रीने काढायचा, तीन असले तर घड बाजूला. तिथल्या बायका म्हणायच्या, गोटीरामभाऊ घरी भाकरीसुद्धा उलटी करून बघत असतील. बघायचो. माणसंही तशीच बघायचो. आणि काळूला मात्र मीच घरी आणलं. टेम्पोवर होता, क्रेट हळू ठेवायचा, एवढ्यावर मी त्याला चांगला म्हटलं. आपली फुलं बाजारात न्यायला मीच सांगितलं, ओट्यावर बसवून चहा मीच पाजला. तुम्ही दोघं गेलात तेव्हा मी लोकांना सांगायचो, पंधरा वर्षांत माझ्या हातून सुटलेला हा एकच घड. लोक हसायचे. त्याचा दोष काय होता, हे आज विचारलंस तर नीट सांगता येणार नाही. तो आपल्यातला नव्हता, आणि तू मला विचारलं नव्हतंस.

तू गेलीस त्या संध्याकाळी मी तुझ्या आईला देवघरासमोर बसवलं आणि साईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. मंजुषाला भेटायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही, तिला पत्र लिहायचं नाही. एकुलत्या मुलाची शपथ. ती मोडायची नाही हे मला पक्कं माहीत होतं, म्हणूनच घातली. हे तुला माहीत नसावं. आईने पाठ फिरवली असं तू समजली असशील, तर ते खरं नाही.

दोन महिन्यांनी, एका गुरुवारी, शेखरभाऊंनी वाचलं: गंगापूर रोडवरून झुंबर, गोटीराम, साई आणि मंजुषा. सगळ्या आळीने ऐकलं. मी उठून टीव्ही बंद केला. पहिला संशय तुझ्यावर घेतला, की पळून गेल्यावर वर चिडवतेस. मग शेजारच्या लताबाईंवर. त्यांच्या कुंपणाशी उभा राहून मी नको ते बोललो. त्या म्हणाल्या, माझ्याकडे कार्डं लिहायला वेळ असता तर आधी माझ्याच घरची यादी धाडली असती, सुनेचं नाव गाळून. तुझ्या आईवर संशय आला नाही. तिची शपथ मी स्वतः तपासून घेतली होती.

मग मी शेखरभाऊंकडे गेलो. केबलच्या ऑफिसच्या वरच त्यांची खोली होती. टीव्हीवर दिसायचे त्यापेक्षा लहान चणीचे, उन्हाळ्यातही गळ्यात मफलर. मी सांगितलं, त्या पोरीचं नाव आमच्या घरात वाचायचं नाही. त्यांनी पाणी दिलं. म्हणाले, “कार्डावरचं नाव मी गाळत नाही, गोटीरामभाऊ. आणि नसलेलं घालत नाही.” कार्ड कोण पाठवतं ते मात्र सांगितलं नाही. हसले. त्या हसण्यावरून मी ठरवलं की हा माणूस तुम्हाला सामील आहे. तेव्हापासून मी दर गुरुवारी कार्यक्रम तपासणीला आलेल्या मालासारखा बघायला लागलो. दर महिन्याला एकदा आपल्या घरची चार नावं. आणि थोड्याच दिवसांनी, त्र्यंबकेश्वरहून मंजुषा आणि काळू.

अठ्ठ्याण्णवच्या श्रावणात तुमच्या कार्डावर तिसरं नाव आलं, वेदिका. दुसऱ्या दिवशी तुझ्या आईने शिरा केला. सण नव्हता, उपास नव्हता. मी खाल्ला आणि काही विचारलं नाही. तीन वर्षांनी ओम आला तेव्हाही शिरा झाला. त्या वेळी मी दुसऱ्यांदा वाढून घेतला. नातवंडांबद्दल आम्हा दोघांत एवढंच बोलणं झालं आहे.

आता कालचं. रविवारी शेखरभाऊंची श्रद्धांजली सभा होती, आपल्याच रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात. कोणा संस्थेने ठेवली नव्हती. कार्डं पाठवणाऱ्यांनीच जमवली. मला वाटलं होतं पन्नास माणसं येतील. जिन्यापर्यंत उभी होती. रिक्षावाले, नर्सबाई, मखमलाबादचे माळी, कॉलेजातल्या मुली. मी मागे उभा राहिलो आणि कोण खरं रडतंय ते बघत होतो. एक बाई म्हणाली, माझं नाव लग्नानंतर पहिल्यांदा ह्यांच्याच तोंडून ऐकलं, घरी सगळे अगं नाहीतर सूनबाई म्हणतात. पिंपळगावच्या एकाने सांगितलं, आमच्या पॅकहाउसमधून बेचाळीस नावं गेली होती, भाऊंनी सगळी घेतली आणि गाण्याला वेळच उरला नाही. पुंजा नावाचा एक म्हातारा उठला. म्हणाला, मी आमच्या म्हशीचं नाव घुसडलं होतं, गंमत म्हणून. भाऊ तिला चंद्राताई म्हणाले. तेव्हापासून पोरं तिला ताईच म्हणतात, आणि मला तिला काठी मारता येत नाही. माणसं रडता रडता हसली.

मी भाषणं ऐकायला गेलो नव्हतो. मला तुमचं शेवटचं कार्ड बघायचं होतं. दहा दिवस एकच गोष्ट डोक्यात होती. आजारी माणूस, धाप लागलेली, त्यांची एक ओळ सुटली असेल. सात वर्षांत पहिल्यांदा ते चुकले असावेत अशी माझी इच्छा होती.

व्यासपीठाच्या बाजूला त्यांच्या बायकोने, वत्सलाबाईंनी, कार्डांची खोकी मांडली होती. चपलांची रिकामी खोकी, प्रत्येकावर गावाचं नाव. ज्याला आपलं कार्ड आठवण म्हणून न्यायचं असेल त्याने न्यावं, असं त्या सांगत होत्या. मी आधी गंगापूर रोडचं खोकं उघडलं. आपल्या घरची कार्डं एकाखाली एक लावलेली होती. त्यांच्यावर पोस्टाचा शिक्का नव्हता. एकावरही नाही. आणि अक्षर सगळीकडे एकच, तेच जे खोक्यांवर होतं. शेखरभाऊंचं.

मी वत्सलाबाईंना विचारलं, ही कार्डं भाऊंनी स्वतःच कशी लिहिली. मी कोण ते सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, ह्या बाई फुलं विकायला येतात. महिन्यातून एका गुरुवारी वर येऊन शेवंतीची जुडी ठेवायच्या आणि नावं सांगायच्या. लिहायचं नाही म्हणून शपथ आहे म्हणाल्या, मग हेच लिहून घ्यायचे.

हे ऐकल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहायला लाज वाटते. बायको सात वर्षं परक्या माणसाच्या खोलीवर जाते आणि नवऱ्याला पत्ता नाही, हेच आलं. घड उलटा करायची सवय हाताला असते, डोक्याला विचारून ती चालत नाही. वत्सलाबाई पुढे बोलत होत्या. मी मीठ-मिरची घेऊन दारात असायचे, त्या म्हणाल्या, दृष्ट काढायला नव्हे, स्वयंपाक करता करता ऐकायला. गाणं कोणतं विचारलं की बाई म्हणायच्या कोणतंही लावा. फक्त नवऱ्याचं नाव सांगताना भिंतीकडे तोंड करायच्या. आमच्यात नाव घेत नाहीत, म्हणायच्या, आणि मग घ्यायच्या.

मंजुषा, सव्वीस वर्षांच्या संसारात तुझ्या आईने उखाण्याशिवाय माझं नाव घेतलेलं नाही. रेशनच्या दुकानात विचारलं तरी साईला पुढे करायची. ती दर महिन्याला एका खोलीत भिंतीकडे तोंड करून गोटीराम म्हणत होती, कारण यादीत एकही नाव कमी पडलं असतं तर तू काळजी केली असतीस.

मग मी त्र्यंबकचं खोकं उघडलं. तुझी कार्डं लगेच सापडली. तुझा ष अजून पोटात गाठ मारल्यासारखा येतो. शेवटचं कार्ड सगळ्यांत वर होतं. दहा नोव्हेंबरचा शिक्का. अक्षर तुझं नव्हतं. निळ्या पेनाने, दाबून लिहिलेली तीन नावं. शेखरभाऊंनी काही गाळलं नव्हतं.

ते कार्ड मी खिशात घातलं. घरी आलो तर तुझी आई ओसरीवर झेंडू निवडत बसली होती. सभेला आली नव्हती, मी जाणार म्हटल्यावर ती कशी येणार. मी म्हटलं, कार्ड पाहिलं, नावं चारही आहेत, भाऊंना धाप लागली होती, एक राहिलं. इतक्या वर्षांनी तुझा विषय मी असा खोटं बोलून काढला. तिने माझ्याकडे बघितलं. मी इतरांकडे बघतो तसं, उलटून. म्हणाली, “शेखरभाऊ नाव गाळत नव्हते. कार्ड दाखवा.”

मी कार्ड दिलं. ती चौथीपर्यंत शिकलेली आहे, तीन नावं वाचायला तिला बराच वेळ लागला. मग म्हणाली, काळूने लिहिलं असेल. बाप्यामाणसाला बायकोचं नाव लिहायला लाज वाटली असेल. मी म्हटलं, असेल. आमच्या पिढीत ते शक्य आहे. मीही तिचं नाव ह्या पत्राआधी कुठे लिहिलेलं नाही. पण काळू आमच्या पिढीचा नाही. आणि त्याने लिहिलं असं धरलं तरी तू का लिहिलं नाहीस, हे उरतंच. हात भाजला असेल, तापात पडली असशील, दवाखान्यात असशील. तुमचं बिनसलं असेल. की सात वर्षं नावं पाठवून कंटाळलीस आणि आपलं काढून घेतलंस. ह्यातलं काहीही मला चालेल. कंटाळली असशील तर सगळ्यात चांगलं. उरलेली एक शक्यता आहे, ती आम्ही दोघांनी उच्चारलेली नाही. तिने झेंडू निवडून संपवला आणि निवडलेला पुन्हा निवडायला घेतला.

आता विचारायचं कोणाला? जो माणूस विचारल्याशिवाय सांगत होता तो गेला. कार्यक्रम बंद झाला. तुमच्या गल्लीतल्या किराणावाल्याचा फोन नंबर मला माहीत आहे, दोन वर्षांपासून माहीत आहे. काल तीनदा फिरवला आणि वाजायच्या आधी ठेवला. परक्याच्या तोंडून ऐकायचं नाही.

म्हणून हे पत्र. ते पोस्टात टाकणार नाही, मी स्वतः घेऊन येतो आहे. समोर उभा राहिल्यावर मला बोलता येणार नाही, तेवढं मी स्वतःला ओळखतो, तेव्हा जे आहे ते लिहून आणतो आहे. तुझ्या आईला सांगितलं, शपथ सुटली. ती म्हणाली, अशी सुटते का. मी म्हटलं, मी घातली, मी सोडवली. साई आता सोळा वर्षांचा आहे, तो म्हणाला मला काही होत नाही, तुम्ही आधी निघा. ती लुगडं बदलून बाहेर उभी आहे आणि मी अजून लिहितोच आहे, कारण लिहिणं चालू आहे तोवर मला काही कळलेलं नाही. दार तू उघडलंस तर हे तुझ्या हातात देईन. घरात नेऊन वाच, आम्ही ओट्यावर थांबू, कितीही वेळ. दार दुसऱ्या कोणी उघडलं, तर हे पत्र माझ्या खिशातच राहील.

तुझाच,
नाना