सतरा नंबरच्या वेल्डरचे जोड

बाबा,

तुम्ही गेल्याला तीस वर्षं झाली आणि मी रिटायर होऊन दोन. इथे म्युनिकमध्ये सगळे विचारतात, वेळ कसा जातो. रागावण्यात जातो. माझ्या शेवटच्या साहेबावर मी अजून रागावलेली आहे, आणि ते ऐकायला तुमच्याइतकं योग्य माणूस दुसरं नाही.

तुम्ही पाइपलाइनच्या जोडांच्या एक्स-रे फिल्म घरी आणायचात. कॉन्व्हेंटचा युनिफॉर्मही न बदलता मी त्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी धरून बघायची. एकदा खेळायच्या घाईत "सगळ्या ठीक" म्हणून मोकळी झाले. तुम्ही फिल्म काढून घेतलीत. "न बघता ठीक म्हणालीस ना? मग त्या पाइपाशेजारी झोपडी बांधून राहा." सिस्टरची पट्टी हातावर बसायची, हे कुठे बसलं ते अजून सापडलेलं नाही.

पुढे मीही तेच काम केलं. शेवटच्या वर्षी आमच्याकडे पार उत्तरेतल्या एका तेलाच्या पाइपलाइनचे जोड तपासायला आले. तिथली जमीन हिवाळ्यात गोठते, तेव्हाच यंत्रं चालतात. बर्फ वितळलं की सगळी दलदल, उतरवलेलं यंत्र बुडतं. तोवर जोड पास झाले नाहीत, तर काम थेट पुढच्या हिवाळ्यात. फिल्मच्या पेट्या येताहेत, आणि माझ्या मुलाच्या वयाचा साहेब दिवसातून तीनदा दारात उभा. एका सकाळी आदल्या दिवशीची फिल्म दिव्यावरच राहिली होती. शेजारी नवी ठेवली आणि हात थांबला. जोडांचे नंबर वेगळे, पण आत तेच तीन बारीक, नियमात चालणारे ठिपके, तिसरा तसाच किंचित खाली. दोन जोडांना असे एकसारखे ठिपके पडत नाहीत. उणे चाळीसात पुढच्या जोडापर्यंत कोण चालणार, म्हणून तिथल्या एक्स-रेवाल्यांनी फिल्मवर जोडाचा नंबर उमटवणारे शिशाचे आकडे बदलून एकाच चांगल्या जोडाचे फोटो पुन्हा पुन्हा काढले होते. सगळ्या पेट्या उपसल्या, अशा खोट्या फिल्म अकरा निघाल्या.

"आल्झो, म्हणजे अकराच ना," साहेब मीटिंगमध्ये म्हणाला. "आणि वेल्डर सतरा नंबरचा, आपला सर्वांत चांगला. सही करून टाका."

"वेल्डर चांगला आहे. फिल्म खोटी आहे."

"तुम्ही हीटरशेजारी बसून बोलताय. ती माणसं तिथे गारठताहेत."

"तेल हीटरवर सांडणार नाही. खाली नदी आहे, तिच्यातले मासे लोक खातात. न बघता सही हवी असेल तर रबरी शिक्का करून घ्या, माझ्यापेक्षा स्वस्त पडेल."

मी सही केली नाही. अकराही जोड पुन्हा तपासले, दोन जोडांना तडा निघाला. ते कापून नवे करेपर्यंत बर्फ वितळलं. काम वर्षभर लांबलं, आणि माझ्या निरोपाला साहेब आला नाही.

आता खरं. त्या अकरांपैकी सहा मी आधीच पास केले होते. सतरा नंबर दिसला की मी नुसती नजर फिरवायची. त्याच्या कामात कधी दोष नसायचा. हात थांबला तो सातव्या फिल्मवर. त्या सहा सह्या मीच खोडल्या आणि रिपोर्टात लिहिलं, 'फेरतपासणीत आढळले'. तडा गेलेल्या दोन जोडांपैकी एक त्या सहांतला होता. हे कोणालाच सांगितलेलं नाही. पत्र टाकायला पत्ता नाही म्हणून तुम्हाला लिहितेय, बाबा. तुम्ही समोर असतात, तर तुम्हालाही सांगितलं नसतं.