गरम झाली की बंद

रविवार, कोजागरी परवा

आज पुन्हा! बाबांची जुनी मोटरसायकल सुभानपुऱ्यापर्यंत छान पळाली, इंजिन तापलं आणि बंद. दसऱ्यापासून हेच चाललंय. आमचा गुजराती मेकॅनिक जयेश म्हणतो, "काका, कॉइल गई छे." म्हणजे ठिणगी देणारी कॉइल गेली. तापली की बंद म्हणजे कॉइल, एवढंच त्याला पाठ. मोबाइलवर बघून शिकलेले वैद्य हे! मेहुणा तर म्हणाला, भंगारात द्या. ज्याला स्वतःच्या स्कूटरचा प्लग कुठे असतो ते माहीत नाही, त्याने बोलावं?

मागे बसलेली माझी बायको सुमती उतरली आणि विचारते काय, "पेट्रोल आहे ना?" मी नुसता हसलो. तीस वर्षं रिफायनरीत काढलेल्या माणसाला हे विचारायचं! तिने उत्तराची वाट न बघता टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स करून हवा आत गेली. एका किकमध्ये गाडी चालू.

झाकणातलं हवेचं बारीक भोक कुंकवाने बुजलं होतं. हवा आत जात नव्हती, म्हणून पेट्रोल खाली उतरत नव्हतं. सुमतीने पदराची पिन काढून भोक मोकळं केलं. दसऱ्याच्या पूजेला तिने गाडीला फक्त झेंडूची माळ घातली होती. झाकणावर ओलं कुंकू अंगठ्याने दाबून दाबून लावणारा शहाणा मीच.

पिन परत लावताना ती हसली. अगदी माझ्यासारखी.

उद्या जयेश विचारेल. कॉइलच होती, असं सांगेन.