साखरपुड्यात उडालेला टवका

जवळा बाजार, शुक्रवार

चि. डॉक्टर पुनमला रामकिशन मामाचे पोटभर आशीर्वाद. (आधी चिरंजीव लिहावं का आधी डॉक्टर, ह्यावर तुझ्या मामीशी सकाळभर वाद झाला. शेवटी दोन्ही बसवलं.) इकडं समदे बरे हायेत. हरभऱ्याला घाटे धरले, म्हशीचा खोकला उतरला. तुझी तब्येत कशी? दुसऱ्याचे दात बघण्याच्या नादात स्वतःचं जेवण चुकवू नको.

परवा प्रतिक्षाच्या साखरपुड्याला तू दवाखाना बंद करून हिंगोलीहून धावत आलीस अन् पेशंट खोळंबले म्हणून न जेवताच गेलीस. तू यायच्या आधी इथं काय होऊन बसलं होतं, ते तुला कोणी बराबर सांगितलं नसणार. म्हणून हे पत्र.

सेनगावचे आमचे व्याही वैजनाथराव मोठे मायाळू. टिळा झाल्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या तोंडात खडीसाखर घातली. (खडा कसला, धोंडाच.) लेकीच्या सुखाच्या विचारात मी तो कचकन चावला. साखर फुटली न्हाई, तू बसवलेल्या दाताचा टवका उडाला. आता तोंडातल्या तोंडात साखर कोणती अन् दात कोणता हे ओळखणं लई तकलीफीचं काम. जो विरघळेना तो आपला, असं समजून मी हळूच रुमालात घेतला अन् ओठ मिटले ते मिटलेच.

तुझा मामा किती बोलतो ते तुला ठाऊक हाये. (मी गप्प बसलो तर शेजारी तब्येत विचारायला येतात.) वैजनाथरावांनी विचारलं, लग्न उन्हाळ्यात धरायचं का? मी मान हलवली. पोरगा मनापासून पसंत हाये ना? नेमकी तेव्हाच दाताच्या फुटक्या कडेला जीभ कापली, म्हणून मी रुमाल तोंडावर दाबून डोळे मिटले. तिकडं कुजबुज सुरू झाली. विहीणबाईंनी ओटीचा नारळ काढला होता, तो परत पिशवीत गेला. प्रतिक्षा डोळे पुसत माझ्याजवळ आली. "बाबा, काहून असं करून राहिलात?" एवढंच म्हणाली. पोरी, माझ्या काळजाचं पाणी झालं.

मामीला आत नेऊन रुमाल उघडून दाखवला. तिनं तुला फोन लावला. पण बाहेर कोणाला सांगू नको, असं मी तिला खुणेनं बजावलं. ज्याच्या तोंडात दात टिकत न्हाई त्याचा शब्द काय टिकणार, असं त्या लोकांना वाटेल, ही माझी भीती. (आता लिहिताना हे मलाच येडेपणाचं वाटून राहिलं.)

तू आलीस अन् मांडवातूनच ओरडलीस, "मामा रागावले न्हाईत हो, मामांचा दात फुटलाय!" मला उजेडात खुर्चीवर बसवलंस, समद्यांदेखत जबडा उघडलास. आतला टणक झिरकोनियाचा थर शाबूत हाये, दिसायला खऱ्या दातासारखं दिसावं म्हणून वर चढवलेला पोर्सिलेनचा थर तेवढा सुटला, दोन थरांची पकड तिथं कच्ची राहिली असणार, हे तू समजावून सांगितलंस. विहीणबाई म्हणाल्या, "म्हंजे भाकरीचा पापुद्रा सुटला म्हणा की!" तू म्हणालीस, "व्हय, पण भाकरीला सुटावा, दाताला सुटू नये."

मग तू माझ्या तोंडात वाकलीस. दात खरखरीत करून औषध लावलंस, मसाला भरलास, निळा उजेड मारलास. म्हणून तुझ्या पाठीमागचं तुला दिसलं न्हाई. वैजनाथरावांनी स्वतःची वरची कवळी काढून तळहातावर ठेवली अन् बोळक्या तोंडानं म्हणाले, "व्याही, तुमचा थर तरी शुटला, आमचं तर समदंच निघतंय!" अख्खा मांडव हसला. प्रतिक्षा रडता रडता हसली. तू हात बाजूला घेतल्याबरोबर मी पहिलं वाक्य बोललो, "पोरगा पसंत हाये!" अन् विहीणबाईंनी नारळ पुन्हा बाहेर काढला.

तू आली नसतीस तर माझं लेकरू आज तोंड लपवून बसलं असतं. हे तोंडानं बोलायला गेलो की मी म्हशीच्या खोकल्यावर घसरतो, म्हणून लिहिलं. तुझ्या हाताला कायम यश येवो.

तुझा, आता जपून चावणारा,
रामकिशन मामा

ता. क. : खरं काम हे हाये. हे ठिगळ तात्पुरतं हाये, पक्का दात बसवायला ये, असं तू म्हणालीस. मी ठिगळावर चालवून घेतो. माझ्याऐवजी तुझ्या मामीला दात बसव. त्या दिवशी समदे हसले, ती एकटी तोंडावर पदर घेऊन हसली. तिचा समोरचा दात पडल्यापासून ती तशीच हसते. इतके दिवस मला वाटायचं, लाजते. फोनवर हे बोलता आलं नसतं, आमच्याकडं फोन मोठ्या आवाजात चालतो. तिला कळू देऊ नको, काही तरी बहाणा करून बोलाव.

ता. क. दुसरा, मामीच्या अक्षरात : पुनम, पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडंच दिलं. मी येते, बहाणा नको. ह्यांना मात्र बाहेरच बसव. मला धीर द्यायला आत येतील, सुई बघून स्वतःच चक्कर येऊन पडतील, अन् मग खुर्ची ह्यांनाच द्यावी लागेल.