चांगला आलेला रिपोर्ट

प्रिय बारके,

प्रिय लिहायला हात धजत नव्हता, पण फोन तू उचलत नाहीस. तुझा नवरा एकटाच इथे दवाखान्यात डबा घेऊन येतो आणि तू घरात दडून बसतेस. त्याच्याच हाती हे देतेय. माझं अक्षर लागत नसेल तर त्याच्याकडून वाचून घे, त्यालाही कळू दे.

पोरीच्या पायांवर ते लाल-जांभळे ठिपके उठले, तेव्हा मी म्हटलं ढेकूण चावले असतील. बोटाने दाबूनही ते जात नाहीत, हे तूच दाखवलंस. मग घोटे सुजले, पोट धरून ती दुमडून पडायला लागली. डॉक्टरीणबाईंनी तुझ्यासमोरच सांगितलं ना, अंगातल्या बारीक रक्तनळ्यांना सूज आलीय, ठिपके जातील, पोटही थांबेल, पण हा आजार गुपचूप किडनीत शिरतो, लघवी तपासत राहा? मी कारखान्यात इस्त्रीला उभी, रजा मिळेना, म्हणून ते काम तुझ्यावर टाकलं. परकीवर नाही, पाठच्या बहिणीवर.

त्या सुजेवरच्या गोळ्यांनी तिचं तोंड फुगलं, वर्गात तिला भोपळा म्हणायचे. मला काय डोळे नव्हते? गोळ्या सुटल्या, तोंड उतरलं. लघवीत पुन्हा दोष निघाला तर पुन्हा गोळ्या, म्हणून ती तुझ्या गळ्यात पडून रडली आणि तू बाटलीत स्वतःची लघवी भरून दिलीस! रिपोर्ट एकदम छान. मी वेडी, कारखानाभर सांगत सुटले.

आता पोरीचे डोळे सुजून मिटलेत, लघवी कोऱ्या चहासारखी, रक्तदाब चढलाय. एवढं अचानक कसं, म्हणून डॉक्टरीणबाई जुने रिपोर्ट उलटेपालटे करत होत्या, तेव्हा पोरगीच बोलली. मी कॉटचा दांडा धरून उभी राहिले. पोरीने गुपित मला सोडून तुला सांगितलं, ते मी गिळीन. तू ते माझ्यापासून लपवलंस, आणि वर तो रिपोर्ट बघून माझ्याबरोबर हसलीस, ते घशाखाली उतरत नाही.

उद्या पाठीतून सुई घालून किडनीचा तुकडा काढणार, त्यावरून पुढचं औषध ठरेल. कार्टी पालथी झोपायला तयार नाही. मावशीने हात धरला तरच, म्हणते. मी माझा हात पुढे केला, तर ढकलून दिला. म्हणून लिहिलं. सकाळीच ये. माझ्यासमोर रडू नकोस, माफीही मागू नकोस. सरळ आत तिच्याकडे जा. मी दाराबाहेर बसते.

तुझीच, काय करणार,
ताई