चाळणीतला सूर्य

प्रिय आईस,

"वर कशाला बघतेस? सूर्यच खाली येईल आपल्याकडे," असं म्हणून माझ्या लहानपणी, ग्रहणाच्या दिवशी तू धान्याची चाळणी उन्हात धरली होतीस. आठवतं?

काल इथे ग्रहण होतं. मी आमच्या कँटीनची चाळणी घेऊन मागच्या दारी उभी राहिले. फरशीवर सूर्याच्या इवल्या इवल्या कोरी उमटल्या. भांडी घासणाऱ्या मावशी म्हणाल्या, "अगं बाई, सूर्याची नखं कुणी कापून टाकली इथे?" आम्ही हसत बसलो आणि आत भात करपला!

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. तुझे गुडघे कसे आहेत?

दादा फोनवर म्हणाला, तू हल्ली तांदळातले खडे बोटांनी चाचपून काढतेस. मोतीबिंदूचं तू मला बोललीही नाहीस. हे पत्रसुद्धा तोच वाचून दाखवत असेल ना?

पुढच्या महिन्यात मला रजा आहे. डोळ्यांत थेंब मी घालीन, स्वयंपाकही मीच करीन. "मला सगळं दिसतं," म्हणून तू उडवून लावशील, ठाऊक आहे. तरी आई, एवढं ऑपरेशन करून घे ना.

तुझं ऐकून खाली बघणारी,
धाकटी